आवाळू नव्हे, हाडातली गाठ

डोक्यावर उजवीकडे, मध्यरेषेपासून जेमतेम दोन बोटांवर, तीन सेंटिमीटरचं टेंगूळ. चाळिशीतल्या बाईंना कुणीतरी 'आवाळू आहे, जागच्या जागी भूल देऊन काढू' असं सांगितलेलं. चाचपलं तर वरची कातडी छान सरकत होती, गाठ मात्र तसूभर हलेना. म्हणजे हाडातलीच.

पातळ कापांचा सीटी केला. कवटीचा बाहेरचा थर फुगून विरलेला, आतला जवळजवळ शाबूत, आणि मधल्या थरात केंद्रातून किरणांसारख्या पसरलेल्या हाडाच्या काड्या. एपिडर्मॉइड (त्वचेच्या पेशींची गाठ) असता तर कडेला दाट पांढरी किनार दिसली असती आणि एमआरआयच्या डिफ्यूजनमध्ये (पाण्याच्या कणांची हालचाल दाखवणाऱ्या चित्रांत) गाठ उजळली असती. मेनिंजिओमात (मेंदूच्या आवरणाच्या गाठीत) बहुधा खालचा ड्यूरा, म्हणजे मेंदूचं सर्वांत बाहेरचं आवरण, जाड होतो. इथे तो पातळ होता. वय पाहता मायलोमा (अस्थिमज्जेतला कर्करोग) आणि दुसरीकडून पसरलेला कर्करोग यांच्याही तपासण्या उरकल्या. निदान लिहिलं हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची साधी गाठ, प्रश्नचिन्हासकट. हाडांच्या गाठींत हा एक टक्काही नसतो.

सुईने तुकडा घ्यायचा आग्रह झाला, तो आम्ही मोडून काढला. आत नुसत्या रक्ताच्या पोकळ्या. खरवडत बसलं की प्रत्येक खरवडीला रक्त. निरोगी हाडातून घेरा घातला तर गाठीला हातच लावावा लागत नाही.

केसांच्या आत नालेच्या आकाराचा छेद घेतला. गाठीच्या कडेपासून एक सेंटिमीटर सोडून बर होल (हाडातली छोटी भोकं) पाडले, त्यांतून ड्यूरा सुटा केला आणि क्रेनिओटोम (कवटी कापायचं यंत्र) फिरवला. मध्यरेषेकडची बाजू मुद्दाम शेवटी कापली. तिथे सॅजिटल सायनस, म्हणजे मेंदूतलं रक्त वाहून नेणारी मोठी शीर, जवळ; तो फाटलाच, तर हाड पटकन उचलून दाबता यायला हवं. चकती उचलल्यावर ड्यूरावरच्या मिडल मेनिंजियल धमनीच्या फांद्या वाहू लागल्या, त्या बायपोलरने (विजेच्या चिमट्याने) बंद केल्या. हाडाच्या कडांना रक्त थांबवायला बोन वॅक्स (मेण). ड्यूरा साफ होता, म्हणून उघडला नाही. पण कडेकडेने हाडाला टाचला, नाहीतर त्या फटीत रक्त साचतं.

खड्डा बोन सिमेंटने भरला: 40 ग्रॅम पावडर, 20 मिली द्रव. ग्लोव्हला चिकटायचं थांबलं की आकार द्यायचा. घट्ट होताना ते चांगलंच तापतं, म्हणून ड्यूरावर ओल्या पट्ट्या आणि वरून गार सलाइनची धार. थंड झाल्यावर त्याला भोकं पाडून टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्यांनी बसवलं.

रिपोर्टला वेळ लागला, कारण हाडातलं कॅल्शियम आधी काढावं लागतं. कॅव्हर्नस (मोठ्या पोकळ्यांचा) हिमँजिओमा, कापलेल्या कडा गाठीपासून मोकळ्या. रेडिएशनचा विषयच निघाला नाही.