उठता-बसता

जमिनीवरून उठताना तोंडातून काय निघतं, यावरून माणसाचं वय सांगता येतं. चाळिशीत नुसतं 'हुश्श', पन्नाशीत 'आई गं', आणि साठी उलटली की थेट 'विठ्ठला!'

बेळगाव-खानापूरकडच्या जुन्या घरांत ही हाक दिवसातून दहादा ऐकू येते. सोप्यातला जमखाना, पंगत, देवळातलं भजन, सगळं जमिनीवर. निपाणीकडे बिडी वळणाऱ्या बाया मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास बसतात. बेळगावातल्या शहापूर-वडगावचा कापड विणायचा जुना खड्डामाग त्या मानानं दयाळू म्हणायचा. विणकर काठावर टेकतो आणि पाय खड्ड्यात सोडतो. बसणं जमिनीवर, पण गुडघा खुर्चीतल्यासारखा मोकळा.

गुडघा कुरकुरायला लागला की पहिला सल्ला मिळतो: 'आता खाली बसू नका.' सल्ला अर्धाच खरा. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीला, रक्तवाहिन्या नसतात. दाब पडला की तिच्यातलं पाणी बाहेर येतं, दाब सुटला की सांध्यातलं वंगण ती पुन्हा शोषून घेते. तिचं जेवणखाण ते एवढंच. हालचाल थांबली की तेही कमी होतं, मांडीचा पुढचा स्नायू वाळतो आणि त्याचा भार पुन्हा गुडघ्यावरच येतो. त्यामुळे जमीन एकदम सोडण्याआधी उंची, वेळ आणि उठायची रीत, या तीन गोष्टी बदलून बघाव्यात.

उंचीसाठी घरातली घोंगडी पुरे. घड्या घालून चार बोटं उंच करायची आणि तिच्या कडेवर बसायचं, म्हणजे गुडघे कमरेच्या खाली राहतात आणि पाठीचा बाक कमी होतो. तरी गुडघे वरच राहिले तर आणखी एक घडी. आधार घेतला म्हणजे हरलो, असं समजणाऱ्या आजोबांना योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांचं नाव सांगावं. कोलार जिल्ह्यातल्या बेळ्ळूरला १९१८ साली जन्मलेला हा माणूस १९३७ साली पुण्यात योग शिकवायला आला, आणि खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळा, घडीची ब्लँकेट यांना त्यानं आसनांत मानाची जागा दिली. वेळेचं म्हणाल तर वीस मिनिटांनी मांडी सोडून पाय लांब करायचे. समोर पाहुणे असले तरी. त्यांचेही गुडघे वाटच बघत असतात.

आता उठणं. बहुतेक जण मांडीतूनच एका झटक्यात उठू बघतात: श्वास कोंडलेला, मान मागे ताणलेली, एक हात गुडघ्यावर. त्यात वाकलेल्या गुडघ्याला पीळ बसतो, आणि पिळाचाच त्याला राग. त्यापेक्षा आधी मांडी सोडावी. दोन्ही पाय एका बाजूला घ्यावेत, हातांचे दोन्ही तळवे त्याच बाजूला जमिनीवर टेकावेत आणि रांगत्या बाळासारखं यावं. गुडघ्यांखाली टॉवेलची घडी असू द्या. शहाबादी फरशी कुणाची भीड ठेवत नाही. समोर खुर्ची हवी, तिची पाठ भिंतीला लागलेली, नाहीतर प्लॅस्टिकची खुर्ची ऐन वेळी सरकते. तळवे खुर्चीवर ठेवून बऱ्या पायाचं पाऊल पुढे घ्यायचं, पूर्ण टेकवायचं. गुडघा आत पडू न देता पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवायचा. मग श्वास सोडत हातांनी खुर्ची आणि पायांनी जमीन खाली ढकलत उठायचं. लगेच चालू पडायचं नाही. खुर्चीवर टेकून दोन-तीन श्वास घ्यायचे, कारण एकदम उभं राहिलं की रक्तदाब उतरून डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते, आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर ही शक्यता जास्त.

पहिले आठ दिवस हे सगळं अगदी संथ करावं. जोर कमी लावला की कुठे काय आवळतंय ते कळतं. पुष्कळदा दुखतो गुडघा आणि आवळलेला असतो जबडा.

तेवढंही जमत नसेल तर खुर्चीपासून सुरुवात करावी. बैठक साधारण गुडघ्याइतकी उंच हवी. खोल सोफा नको, त्यातून बाहेर यायला तरणाही धडपडतो. पुढच्या कडेवर सरकावं, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्याव्यात, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे झुकावं आणि उठावं. बसताना मनात चार अंक मोजत सावकाश खाली यावं. धपकन बसलं तर अर्धा व्यायाम वाया. पाच वेळा, एक दिवसाआड.

दुखणं मोजायला दहापैकी गुण द्यावेत. तीनपर्यंत चालतं. पण खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो: कालच्यापेक्षा जास्त दुखलं की उठ-बस पाचावरून तीनवर आणायची. शून्यावर नव्हे. गणपतीआधी एका दिवसात सगळं घर धुऊन काढायचं आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात, ही आपल्याकडची जुनी खोड. तेच काम रोज एका खोलीचं केलं तर गुडघ्याला पत्ताही लागत नाही. सांधा लाल, गरम होऊन सुजला, ताप आला, गुडघा अडकून बसला किंवा एकाच पोटरीला सूज आली, तर मात्र थेट डॉक्टरांकडे. गुडघा बदललेल्यांनी रांगण्याआधी आपल्या सर्जनला विचारावं.

जून ते सप्टेंबर इकडचा पाऊस गुडघ्यात मुरतो म्हणतात. गारठ्याचं काय असेल ते असो, त्या दिवसांत माणूस बाहेर पडत नाही हे निश्चित. सोप्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या माराव्यात. काठी असेल तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. काठीची मूठ उभ्यानं मनगटाच्या रेषेला यावी. खालचं रबर झिजून गुळगुळीत झालं की आधी ते बदलावं, ओल्या अंगणात सगळी भिस्त त्याच्यावर.

राहिलं भजन. देवळात खुर्ची नसते. तिथं खांब किंवा ओट्याची कड धरावी आणि त्या बेतानं आधीच जागा पकडावी, मधोमध बसू नये. आणि गळ्यातले टाळ उठण्याआधी काढून ठेवावेत. रांगताना ते नेमके गुडघ्याखाली येतात.