शुगर डाउन झाली तर कुठे दाबायचं?

माझं काम मुद्रितशोधनाचं. अप्पा बळवंत चौकातल्या प्रकाशकांची प्रुफं पिशवीत घालून घरी आणायची, ऱ्हस्व-दीर्घ लावून परत नेऊन द्यायची, यात वीस वर्षं गेली. मधुमेहावर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेने "ताई, आमच्या मराठी वेबसाइटचं जरा शुद्धलेखन बघून द्याल का?" असं विचारलं, तेव्हा चार दिवसांचं काम समजून हो म्हटलं. ते दोन महिने पुरलं.

शुद्धलेखन जवळपास निर्दोष होतं, आणि तिथेच माझी पंचाईत झाली. तिसऱ्या पानावर वाक्य होतं, 'रक्तशर्करा ३.९ च्या खाली गेल्यास तातडीने उपाय करावा.' वेलांटी बरोबर, पूर्णविराम जागेवर. पण कोथरूडला राहणाऱ्या माझ्या आत्याच्या साखर मोजायच्या मशीनवर कधी ११० दिसतं, कधी १८०. मग हे ३.९ कुठलं? शोधल्यावर कळलं, तो आकडा मिलिमोल या एककातला, विलायतेत चालणारा. आपल्याकडची मशीन्स मिलिग्रॅममध्ये सांगतात, म्हणून १८ ने गुणायचं, की साधारण ७० येतात. परदेशी पानावरून मजकूर मराठीत आणताना एकक वाटेतच गळालं होतं. आत्याने ते वाक्य वाचलं असतं, तर साखर ५५ वर येऊनही तिला वाटलं असतं, अजून ३.९ फार लांब आहे.

संस्थेतल्या डॉक्टरांना फोन केला. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "ताई, आता तुम्ही सगळंच तपासा."

सगळं म्हणजे काय, हे मला कुठे ठाऊक! डॉक्टरांनीच 'डिसर्न' नावाची प्रश्नावली पाठवली. इंग्लंडमध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेली, १६ प्रश्नांची, प्रत्येकाला १ ते ५ गुण. पहिले ८ प्रश्न मजकूर भरवशाचा आहे का यावर, पुढचे ७ उपचारांवर, आणि शेवटी एकूण मत. उपचार घेतलेच नाहीत तर काय होईल, हे सांगितलंय का, असाही एक प्रश्न त्यात आहे. मला तो फार आवडला. त्याहून सुटसुटीत म्हणजे 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकाने १९९७ मध्ये छापलेले चार निकष: कोणी लिहिलं, कशाच्या आधारावर, कधी, आणि पैसा कोणाचा.

'कधी' या प्रश्नावर संस्थेतला मुलगा म्हणाला, "खाली चालू वर्ष आहे की." ते वर्ष दर १ जानेवारीला आपोआप बदलत होतं, मजकुराला मात्र कोणी हात लावलेला नव्हता. 'पैसा कोणाचा' हे बघायला गेले, तर लेखासारख्याच हिरव्या चौकटीत 'साखर मुळापासून घालवा' अशी एका काढ्याची जाहिरात. मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. ती जाहिरात बाहेरच्या यंत्रणेतून परस्पर येत होती, विश्वस्तांना पत्ताच नव्हता. संध्याकाळपर्यंत चौकट गेली. एका विश्वस्तांना जिनिव्हाच्या 'हेल्थ ऑन द नेट' संस्थेचं, भरवशाच्या आरोग्य-साइट्सना मिळणारं मानचिन्ह लावायची हौस होती. ती संस्था २०२२ च्या अखेरीस बंद झाल्याचं दिसलं आणि तो विषय मिटला.

'डिसर्न'चे ८० पैकी ५१ गुण देऊन मी मोकळी होणार होते. पण या गुणपत्रिकेत साइट दिसते कशी, यावर एकही प्रश्न नाही. म्हणून एका दुपारी आत्याच्या हातात तिचाच फोन दिला आणि म्हटलं, "समज, तुला घाम सुटलाय, हात थरथरतायत. काय करायचं ते यात शोध. मी मदत करणार नाही."

मदत न करणं हे या सगळ्यातलं सर्वांत अवघड काम. आत्याने आधी चष्मा शोधला. मग पान डोळ्यांजवळ नेलं, कारण अक्षरं पांढऱ्यावर फिक्या राखाडी रंगात होती. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात निदान ४.५ ला १ इतका फरक हवा, असं प्रमाण आहे. इथे निम्माही नव्हता. ओळी इतक्या दाटीने लावलेल्या, की वरच्या ओळीतला उकार खालच्या वेलांटीत अडकत होता. इंग्रजीसाठी बेतलेल्या साच्यात मराठी कोंबलं की हे होतंच. मग आत्याने शोधपेटीत लिहिलं, 'शुगर डाउन'. उत्तर आलं, काही सापडलं नाही. 'शुगर' लिहिलं. काही नाही. साइटवर सगळीकडे 'रक्तशर्करा' आणि त्या अवस्थेला 'अल्परक्तशर्करा'. आत्या फोन ठेवून म्हणाली, "अगं, एवढ्या वेळात मी आडवी झाले असते."

तिच्यानंतर आणखी चौघांना बसवलं. आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांनी माहितीपत्रक उघडून फोनला वाचून दाखवायला सांगितलं, तर फोन भलतंच बरळायला लागला. पत्रक जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात केलेलं होतं. डोळ्यांना मराठी, फोनला नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. प्रुफं तपासताना मी तोच फाँट वर्षानुवर्षं वापरला होता.

बदल करताना माझी आणि डॉक्टरांची एकदाच वादावादी झाली. त्यांना 'शुगर डाउन' हा शब्द मथळ्यात नको होता. मी, आयुष्यभर 'मराठी शब्द नाही का?' असं समासात लिहिणारी, तोच शब्द ठेवा म्हणून भांडले. आता पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत आहे: शुगर डाउन झालीय? त्याखाली ७० चा आकडा एककासकट, मग तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत तपासणी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा, ही ओळ आधी पानाच्या तळाशी होती, ती वर आणली.

गेल्या आठवड्यात आत्याला पुन्हा दाखवलं. या वेळी दहा सेकंदांत सापडलं. वाचून झाल्यावर तिने विचारलं, "आणि घरात पेढा असेल तर?"

डॉक्टरांना फोन लावला. पेढ्यातल्या स्निग्धामुळे साखर हळू चढते, म्हणाले, त्यापेक्षा साखरेचं पाणीच बरं. ती ओळ मी आज पाठवली आहे. 'पेढ्या'ला सामान्यरूप व्यवस्थित लावून.