लॉगरची फाईल नववीच्या वर्गात

रावेर तालुक्यातल्या एका केळीच्या पॅकहाऊसमध्ये मी क्वालिटीचं काम बघतो. कंटेनर भरत आला की दार लावायच्या आधी खोक्यांच्या थप्पीत आम्ही एक डेटा लॉगर ठेवतो. तळहातावर मावेल एवढं यंत्र, ठरावीक मिनिटांनी तापमान नोंदवत राहतं. न्हावा-शेवाहून ते जहाजात चढतं. दुबईला अल अवीरच्या बाजारात खोके उतरले की तिथला माणूस ते संगणकाला लावून फाईल पाठवतो. मालाची तक्रार नसेल तर ती फाईल सहसा कुणी उघडत नाही. माल पोचला, पैसे आले, पुढचा कंटेनर.

आता त्या फाईली आमच्या गावच्या शाळेत नववीची पोरं वाचतात. आणि त्याच मालातली केळी दुबईतल्या एका भारतीय शाळेतली मुलं तपासतात. हे कसं जमलं ते सविस्तर लिहितोय, कारण खानदेशातून बाहेर माल पाठवणारे आम्ही एकटे नाही.

सुरुवात विज्ञानाच्या मॅडमनी केली. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितलेत, त्यासाठी त्या वर्ग घेऊन पॅकहाऊसवर आल्या. फण्या कशा काढतात, चीक जावा म्हणून तुरटीच्या पाण्यात कशा धुतात, कॅलिपरनं घेर कसा मोजतात, तेरा किलोचा खोका कसा भरतात, सगळं दाखवलं. निघताना एका मुलीनं विचारलं, "काका, खोका तिकडे उघडल्यावर केळी कशी दिसते, ते तुम्हाला कळतं का?" म्हटलं, फोटो येतात. "मग आम्हालापण दाखवा ना."

मी दुबईच्या खरेदीदाराकडच्या माणसाशी बोललो. मल्याळी गृहस्थ, त्यांची मुलगी तिथल्याच शाळेत. त्यांनी तिच्या विज्ञानाच्या शिक्षिकेशी बोलणं करून दिलं.

एक गोष्ट मला इथे ठासून सांगायची आहे. उद्योगांनी शाळांना मदत करायची म्हटली की आपल्याकडे आधी पैशाचा विचार होतो. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकामासाठी बाजूला काढायला लावले, त्यातून शाळांना संगणक मिळाले, बाकं मिळाली. अटल टिंकरिंग लॅबसाठी सरकार शाळेला वीस लाखांपर्यंत देतं. हे सगळं हवंच आहे. पण लॅब आल्यावर मुलांनी तिथे शोधायचं काय? त्यांना खरा प्रश्न लागतो, ज्याचं उत्तर प्रश्न देणाऱ्यालाही अजून सापडलेलं नाही असा. तो प्रश्न उद्योगाकडे असतो, आणि आमच्याकडे तो आहे.

हिवाळ्यात आमच्याकडे पारा एक आकडी होतो आणि केळीवर चरका पडतो. बाग पिवळी पडते, वाढ थांबते, ते डोळ्यांना दिसतं. पण थंडी खाल्लेली काही केळी बाहेरून हिरवीगार दिसते, सगळ्या तपासण्यांतून पास होते आणि तिकडे पिकवल्यावर रंगाला मळकट येते. साल सोलली तर सालीच्या आतून तपकिरी रेषा. आता ही थंडी बागेत लागली की कंटेनरमध्ये? तेरा अंशांच्या खाली कंटेनर गेला तरी असंच होतं. शेतकरी म्हणतो कंटेनर, वाहतूकवाला म्हणतो बाग. उत्तर काढायचं तर बागेतलं तापमान, वाटेतलं तापमान आणि तिकडचा रंग, तिन्ही नोंदी एकाच मालाच्या हव्यात. एकट्या पॅकहाऊसला हे जमत नाही. दोन देशांतल्या शाळांना जमतं.

पहिली फाईल वर्गात लावली तेव्हा साडेतेरा अंशांवर सरळ चाललेली रेघ मध्येच वर चढून पुन्हा खाली आलेली. पोरांचे तर्क सुरू झाले: कुणी दार उघडलं, ऊन लागलं. ऊन कसं लागेल, एक मुलगा म्हणाला, वेळ तर रात्री दीडची आहे. मग मॅडमनी लॉगरचं घड्याळ बघायला सांगितलं. ते जागतिक वेळेवर होतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. म्हणजे आपले सकाळचे सात. त्या वेळी कंटेनर कुठे होता? ट्रेलरच्या ड्रायव्हरदादांना फोन लावला, स्पीकरवर. ते म्हणाले, बंदरात गाडीवरून उतरवला, वीज जोडायला वेळ गेला. वीज नसताना तापमान वर का गेलं, यावर पुढचा तास रंगला. बाहेरची उष्णता हे एक कारण. दुसरं पोरांना नवीन होतं: तोडलेली केळी श्वसन करतच राहते आणि त्यातून उष्णता बाहेर पडते. पुस्तकातलं श्वसन त्यांना थेट आलेखात दिसलं.

दुबईच्या मुलांचं काम रंगाचं. पिकवण खोलीत इथिलीन हा फळ पिकवणारा वायू दिल्यापासून रोज ती केळीला एक ते सात अंक देतात. एक म्हणजे पूर्ण हिरवी, सात म्हणजे पिवळ्यावर तपकिरी ठिपके. मग साल सोलून आतल्या रेषा मोजतात. त्यावरून आमच्या मुलांनी कार्बाइडचा विषय काढला. आपल्याकडे कार्बाइडनं फळं पिकवायला बंदी आहे. त्यातून अॅसिटिलीन निघतो, आणि त्यात आर्सेनिक, फॉस्फरसचे अंश असू शकतात. फळ स्वतः तयार करतं ते इथिलीन. दहावीतला कार्बनी संयुगांचा धडा नववीतच अर्धा झाला.

अडचणी बारीक पण खऱ्या होत्या. भाषा तीन, म्हणून तक्त्यात फक्त आकडे, एकक आणि वेळ ठेवले. समजावून सांगायचं ते मुलं आवाज रेकॉर्ड करून पाठवतात. दुबईचं घड्याळ दीड तास मागे, तिकडे शुक्रवारी अर्धा दिवस शाळा आणि शनिवार सुट्टीचा. त्यामुळे बोलणं सोमवारी, आमच्या अकरा वाजता. खरेदीदाराचं नाव आणि भाव फाईलमधून आधी काढतो. मुलांचे चेहरे फोटोत येत नाहीत, पालकांची सही घेतलेली आहे. आणि एक पानाचा लेखी करार आहे: फाईल कुणी, किती दिवसांत द्यायची, शिक्षक बदलले तर काम कुणाकडे जाईल. जिथे नुसता हार-तुऱ्यांचा कार्यक्रम होतो तिथे नेमकं हेच लिहिलेलं नसतं.

तिसरी भाषा बऱ्हाणपूरची. रावेरच्या पुढे राज्याची हद्द ओलांडली की तिथेही केळीच केळी, आमचे शेतकरी रोज बऱ्हाणपूरचा भाव बघतात. तिथल्या एका हिंदी माध्यमाच्या शाळेला बागेच्या तापमानासाठी सोबत घेतलं. दोन्हीकडे सेन्सर सारखाच बसला पाहिजे, नाहीतर आकड्यांची तुलना होत नाही. त्यासाठी ग्लोब या १९९५ साली अमेरिकेतून सुरू झालेल्या शालेय उपक्रमाची पद्धत घेतली, शंभरावर देशांतल्या शाळा ती वापरतात: जमिनीपासून दीड मीटर उंची, पांढरी, झडपांची हवेशीर पेटी. आर्डुइनो, म्हणजे सेन्सरचे आकडे वाचणारा छोटा सर्किट बोर्ड, आणि सेन्सर मुलांनीच जोडले.

पालकांना या नोंदींत भारी रस आहे. हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई हवामान केंद्राच्या तापमानावर ठरते, आणि नाल्याकाठच्या बागेत रात्री थंड हवा साचते हे शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. केंद्र आणि बाग यांच्यात किती अंशांचा फरक पडतो, ते त्याला आजवर कुणी मोजून दिलं नव्हतं.

डिसेंबरपासून नाल्याकाठच्या आणि उंचावरच्या अशा दोन-दोन बागांत पेट्या लागतील, रावेरकडे आणि बऱ्हाणपूरकडे. त्याच बागांचा माल वेगळ्या खुणेनं भरायचं मी कबूल केलंय. नंदुरबारची मिरची, धुळ्या-जळगावकडची फळं, मका बाहेर पाठवणाऱ्यांनी आपल्याकडे न उघडलेल्या कुठल्या फाईली पडून आहेत ते बघावं. जवळच्या शाळेत एक फाईल आणि महिन्यातून एक तास द्यावा. तक्त्याचा नमुना आणि कराराचं पान मी मागेल त्याला पाठवतो.