एफ फॉर्ममधला रकाना

सांगली, ४ तारीख, रात्री साडेअकरा

गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीमागे एक एफ फॉर्म भरायचा, आणि महिन्याचे सगळे फॉर्म ५ तारखेच्या आत सरकारी कार्यालयात पोचवायचे असतात. शेवटचा गठ्ठा आत्ता तपासून संपवला. डोळे चुरचुरतायत, पण झोप येत नाही. दुपारची ती तासगावकडची बाई डोळ्यांसमोरून हलत नाही.

तिसरी खेप, सोबत सासू. रिसेप्शनवरच्या पोरीने फॉर्ममधलं विचारलं : आधीची मुलं किती, मुलगे की मुली, वयं काय. "दोन मुली," ती इतकं हळू म्हणाली की परत विचारावं लागलं. सासू भिंतीकडे बघत होती. मी तेव्हाच तिच्याजवळ जाऊन बसायला हवं होतं. पण पाठवणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तारीख नव्हती, मी त्यांना फोन लावत होते. मग आधारवर एक नाव, चिठ्ठीत दुसरं. मग तिची सही, माझी सही. प्रोब पोटावर ठेवेपर्यंत पाऊण तास गेला आणि बाहेर अकरा जणी ताटकळलेल्या. बाळ छान आहे, एवढं सांगून पुढचा नंबर पुकारला.

गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा नको, असं मी कधीच म्हणणार नाही. मार्च २०१७ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या म्हैसाळला गर्भपात करून पुरलेले १९ भ्रूण सापडले, तेव्हा सांगलीची डॉक्टर म्हणवून घ्यायला जीव कचरायचा. १९९४ चा कायदा हवाच. पण रकाना कोरा राहिला तरी गुन्हा आणि लिंग सांगितलं तरी गुन्हा, हे मनाला लागतं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नोंदींतल्या त्रुटी किरकोळ मानायला नकार दिला. नोंदीच नसतील तर पकडणार कशावरून, हे मलाही कळतं. पण पैसे घेऊन लिंग सांगणारा त्या बाईचा एफ फॉर्म भरेल कशाला? तपासणी पथक आलं की हात थरथरतात ते प्रामाणिकपणे रोज भरणाऱ्यांचे.

बाकी आहेच : जानेवारी-जुलैत अग्निसुरक्षेचं प्रमाणपत्र, कचऱ्याच्या पिशव्यांचे बारकोड, दर तीन वर्षांनी नर्सिंग होमचं नूतनीकरण. ते होऊन जातं. पेशंटशेजारी बसायची ती पाच मिनिटं मात्र परत मिळत नाहीत.

तिचा फॉर्म गठ्ठ्यातून पुन्हा काढला. मुली २, वय ६ आणि ३. खाली मोबाईल नंबर आहे. सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या आधी तिला फोन करते. पुढच्या तपासणीला नवऱ्याला घेऊन ये म्हणते, आणि दोन्ही पोरींनाही.