सरवा

आमच्या फर्मचं पहिलं ऑफिस लातूरला गंजगोलाईजवळ एका आडत दुकानाच्या माडीवर होतं. खाली तुरीची पोती उतरायची, वर आमचे तीन कॉम्प्युटर. धूळ एवढी, की दर रविवारी कॅबिनेट उघडून ब्लोअर मारावा लागायचा. २०१२ साली सुरुवात केली तेव्हा गेमचं काम मिळेल हे डोक्यातही नव्हतं. लातूरला क्लासेस भरपूर. बायॉलॉजीच्या सरांना हृदयाच्या झडपा उघडझाप करताना दाखवायच्या असायच्या, फिजिक्सच्या सरांना उतारावरून घरंगळणारा गोळा. ती थ्रीडी अ‍ॅनिमेशनं आम्ही करायचो. त्यातून गेम इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, हाताखालून गेलं, त्यातून छोट्या मोबाईल गेमची कामं आली आणि २०१५च्या शेवटी पुण्याच्या एका स्टुडिओनं विचारलं, कन्सोल पोर्टचं थोडं काम घ्याल का?

पोर्ट म्हणजे पीसीवर चालणारा गेम कन्सोलवर, टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावर, चालेल असा करून देणं. ऐकायला सोपं वाटतं. पण पीसीवर माऊस असतो, इथं अंगठ्याखालची काडी असते. अक्षरं दहा फुटांवरून टीव्हीवर वाचता आली पाहिजेत. खेळता खेळता कंट्रोलर निघाला तर गेमनं थांबून तसं सांगितलं पाहिजे. सेव्ह होता होता वीज गेली तरी फाईल खराब होता कामा नये. कन्सोलवाली कंपनी हे सगळं तपासून घेते आणि एका जागी नापास झालात तर पुन्हा रांगेत. आमच्याकडं मेनू, बटणांची चित्रं, फॉन्ट आणि लोडिंगचा वेळ कमी करणं एवढं काम होतं. गेमचं नाव करारामुळं सांगता येत नाही आणि सांगायचीही इच्छा नाही.

२०१६चा तो उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. आमच्या गल्लीत एकच हातपंप चालू होता. तिथं रात्री दोनपासून घागरींची रांग लागायची. आम्ही रात्रपाळीला असायचो, आळीपाळीनं एकजण काम सोडून रांगेत उभा राहायचा. एका रात्री लोखंडी दाराचा आवाज हवा होता. मूळ आवाज क्लायंटकडून, म्हणजे ज्यांचा गेम त्यांच्याकडून, यायचा होता, तोवर काहीतरी तात्पुरतं घालायचं होतं. औशाची एक मुलगी आमच्याकडं नव्यानं लागली होती. तिनं रांगेतच मोबाईल काढला आणि हातपंपाच्या दांड्याची करकर रेकॉर्ड केली. चार सेकंद. शेवटी पाण्याचा एक हबका आणि मागून कुणाचं तरी "सरक की गं पुढं". तेच गेमच्या दाराला लावलं. दाराला ते इतकं शोभलं, की पुढं खरा आवाज आला तेव्हा आम्हाला वाईट वाटलं होतं.

पाऊस त्या वर्षी आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी मेलही आला. पोर्ट रद्द. कारण दोन ओळींत होतं, विक्रीचा हिशेब बसत नाही. शेवटचा हप्ता आम्हाला मिळालाच नाही. त्या महिन्याचे पगार मी बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून केले. तिनं स्वतःहून काढून दिल्या, हे इथं लिहायलाच हवं.

रद्द झालेल्या पोर्टचं पुढं काय होतं, हा प्रश्न तेव्हापासून मनात बसला. मग मी वाचायला लागलो. आमच्या धंद्यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट कन्सोलवर येणार होता तो ‘हाफ-लाइफ’. मूळ गेम व्हॉल्व्ह कंपनीचा, पीसीवर १९९८ साली आलेला. पीसीला किमान २४ एमबी मेमरी मागणारा हा गेम ड्रीमकास्टच्या १६ एमबीत बसवायचा होता. त्या कन्सोलचं मेमरी कार्ड १२८ केबीचं, आणि सेव्ह ठेवायचा तोही त्यातच. पोर्टसोबत गिअरबॉक्स नावाच्या कंपनीनं ‘ब्लू शिफ्ट’ नावाचा नवा भागही तयार केला होता. पण जानेवारी २००१ मध्ये सेगानं ड्रीमकास्ट बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि जूनमध्ये तो पोर्टही रद्द झाला. त्याच जूनमध्ये ‘ब्लू शिफ्ट’ पीसीवर आला. ड्रीमकास्टसाठी घडवलेली जास्त बारकाव्याची पात्रं आणि शस्त्रं त्याच्यासोबत पीसीवाल्यांना मिळाली. जो पोर्ट दुकानात कधी आलाच नाही, त्याचा माल असा दुसऱ्या दारानं लोकांच्या घरात गेला.

हे वाचताना मला बरं वाटलं होतं. दोन वर्षांनी तेच आमच्या बाबतीत घडलं आणि तेव्हा घाम फुटला.

२०१८च्या दिवाळीनंतर पुण्याहून फोन आला. आमचं लोडिंगचं काम चांगलं होतं म्हणून क्लायंटनं ते पीसीच्या नव्या अपडेटमध्ये उचललं होतं. ते उचलताना आमचं पूर्ण फोल्डरच गेलं. एका खेळाडूनं फायली उघडून पाहिल्या आणि त्याला एक रिकामी चाचणीची खोली सापडली. मध्ये एक बारव, तिच्या पायऱ्यांवर सावली नीट पडते का ते बघायला आमच्या पोरांनी बनवलेली. कडेला लिंबाचं झाड. मेनूच्या मजकुरात एक ओळ, "इथं काय टाकायचं ते सरांना विचार". आणि हातपंप. तिकडच्या लोकांना वाटलं, गेममध्ये भारतातला एखादा गुप्त भाग आहे. क्लायंट काळजीत. फोनवर एकच प्रश्न होता, "तुमचं अजून काय काय आहे यात?"

त्यांची काळजी रास्त होती. २००५ साली ‘जीटीए सॅन अँड्रियास’ या गेममध्ये बंद करून ठेवलेला एक अश्लील प्रसंग लोकांनी बाहेर काढला. खेळणाऱ्याला तो सरळ दिसणारही नव्हता, पण डिस्कवर होता. अमेरिकेत त्या गेमचं मानांकन थेट ‘फक्त प्रौढांसाठी’वर गेलं, मोठ्या दुकानांनी तो फळीवरून काढला आणि कंपनीला तो भाग वगळून नवी आवृत्ती काढावी लागली. सगळीच शिल्लक अशी घातक नसते. १९९७च्या ‘गोल्डनआय’ या गेममध्ये तो बनवणाऱ्या रेअर कंपनीच्या लोकांनी जुन्या स्पेक्ट्रम कॉम्प्युटरचा एम्युलेटर, म्हणजे त्या कॉम्प्युटरची नक्कल करणारा प्रोग्रॅम, आणि त्यावरचे दहा जुने गेम ठेवून दिले होते. बंद केलेले, पण १२ एमबीच्या त्या कार्ट्रिजमध्ये साबूत. लोकांना ते २०१२ साली कळलं आणि सगळे हरखले. पण आपल्या डब्यात काय आहे हे आपल्याला माहीत असावं. आम्हाला ते सांगता येत नव्हतं.

नवखा माणूस विचारतो, नको ते वेळच्या वेळी पुसून का टाकत नाहीत? कारण गेममध्ये पुष्कळ गोष्टी नावानं न बोलावता क्रमांकानं बोलावल्या जातात. आवाज क्रमांक ४१२ काढून टाकला तर ४१३ हा ४१२ होतो आणि तलवारीच्या जागी कोंबडा आरवतो. तपासणीला चार दिवस उरलेले असताना असा हात कुणी घालत नाही. दार बंद करतात, सामान आतच राहतं.

आम्ही नऊ दिवस बसलो. आधी गेमच्या प्रत्येक लेव्हलपासून दोरा धरून कोणती फाईल कोणाला बांधली आहे याचा वृक्ष काढला. जे कुठंच बांधलेलं नाही ते संशयित. पण काही नावं गेम चालू असताना जोडून तयार होतात, ‘दार’ आणि पुढं आकडा अशी. ती या वृक्षात दिसत नाहीत. म्हणून गेमनं उघडलेल्या प्रत्येक फाईलची नोंद करणारा लॉग लावला आणि तो पहिल्यापासून शेवटपर्यंत तीनदा खेळलो, एकदा मुद्दाम सगळ्या चुकीच्या वाटांनी. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. जिथं क्रमांक हलण्याची भीती होती तिथं त्याच नावाची, तेवढ्याच लांबीची कोरी फाईल ठेवली. बाकीचं काढलं. शंका होती ते विचारलं.

त्यात अशा गोष्टी निघाल्या ज्यांच्याशी आमचा काहीच संबंध नव्हता. परवान्याची मुदत संपलेलं एक गाणं. चालू स्थितीतला डेव्हलपरचा, म्हणजे गेम बनवणाऱ्यांचा स्वतःसाठीचा, मेनू. एका प्रोग्रॅमरच्या कॉम्प्युटरचा पत्ता, त्याच्या पूर्ण नावासकट. यादी पाठवली तेव्हा क्लायंटनं या कामाचे वेगळे पैसे दिले, आम्ही मागितले नव्हते. पुढच्या महिन्यात त्यांनीच दुसऱ्या गेमचं तेच काम दिलं. पाटल्या त्या संक्रांतीला सुटल्या.

माझी माय ज्वारीची काढणी झाली, की दुसऱ्या दिवशी पहाटे आम्हा भावंडांना सरव्याला, म्हणजे रानात मागे राहिलेली कणसं वेचायला, न्यायची. धाटं पडली, कणसं खुडली तरी सरीत, बांधाच्या कडेला, पेंढीखाली काही ना काही राहतंच. खाली बघत, एक पाऊल एक नजर असं चालायचं. पण रान ज्याचं त्याला विचारल्याशिवाय ती बांधावर पाय ठेवू द्यायची नाही. एकदा मी न विचारता उचललेली दोन कणसं तिनं परत टाकायला लावली होती. आमच्या कामाला मी ऑफिसात ‘सरवा’च म्हणतो. नव्या मुलांना हा शब्द माहीत नसतो, सांगावा लागतो.

आज आम्ही अकरा जण आहोत. क्लासवाल्यांची कामं अजून घेतो, त्यांनी आम्हाला उभं केलं. पण निम्म्याहून जास्त उत्पन्न या तपासणीचं. पोर्ट रद्द झाला असेल तर आमचा करारात आग्रह असतो, की उरलेल्या मालाची यादी दोन्हीकडं सहीनं राहावी. कोणती चित्रं, कोणते आवाज, कुणी केले, कुणाच्या मालकीचे. रद्द झालेल्या कामावर कुणाला वेळ घालवायचा नसतो. आम्ही पैसे न घेता ती यादी करून देतो. आमच्या त्या नऊ दिवसांतले सहा तर नुसतं कुणी काय केलं हे आठवण्यात गेले होते.

औशाची ती मुलगी आता आमच्याकडं तपासणीची प्रमुख आहे. त्या पहिल्या यादीत तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, हातपंप, चार सेकंद, काढून टाकावा. क्लायंटनं तो काढला. त्या गल्लीत पुढं सिमेंटचा रस्ता झाला आणि पंपही गेला. मागच्या वर्षी तिनं क्लायंटला मेल केला, की ती फाईल तुमच्या मालकीची आहे, आमच्याकडं तिची एक प्रत राहू द्याल का. तीन दिवसांनी उत्तर आलं, "खुशाल ठेवा". तिनं ते उत्तर छापून फाईलला लावलं आणि आवाज ऑफिसच्या दाराच्या बेलला.