सव्वीस पावत्या

"अहो, मग मराठीत बोला की!" पलीकडचा आवाज एकदम सैलावला आणि माझ्या पोटात गोळा आला.

ऑगस्ट २०२० मधली गोष्ट. न्यू जर्सीतल्या एका मध्यम शहराच्या गृहनिर्माण विभागात मी नोकरीला आहे. शहराचं नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर पुढचे काका ओळखू येतील. त्या दिवसांत ऑफिस म्हणजे माझं जेवणाचं टेबल. दिवसभर घरमालकांना फोन करायचे, इंग्रजीत, ठरलेल्या चार वाक्यांत. ती चार वाक्यं चिलखतासारखी असतात. मराठी सुरू झाली की ते चिलखत गळून पडतं.

कोरोनात भाडं थकलेल्यांसाठी आम्ही भाडेमदत देत होतो. ते पैसे मुळात फुटपाथचे होते. सीडीबीजी नावाची, शहरांना विकासासाठी अनुदान देणारी केंद्राची योजना १९७४ पासून चालू आहे. पन्नास हजारांवर वस्ती असलेल्या शहरांना हड या केंद्राच्या गृहनिर्माण खात्याकडून तिचे पैसे थेट मिळतात आणि त्यातले किमान ७० टक्के कमी-मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या उपयोगी पडावे लागतात. आमच्याकडे ते वर्षानुवर्षं रस्ते, बागा, फुटपाथ यांतच मुरतात. सिमेंटचा हिशेब सोपा असतो, आणि शिवाय माणसांना द्यायच्या थेट मदतीवर एरवी १५ टक्क्यांची मर्यादा असते. मार्च २०२० मध्ये आलेल्या केअर्स या केंद्राच्या कोरोना-मदत कायद्याने कोरोनापुरती ही मर्यादा उठवली. आराखडा बदलताना एरवी तीस दिवस हरकती मागवाव्या लागतात, तिथे पाच दिवस पुरे झाले. मग २०१९ चे न वापरलेले पैसे घरभाड्याकडे वळवायचा ठराव कौन्सिलपुढे आला. ठरावाचा मसुदा माझाच. आणि तो फुटपाथही माझाच, म्हणजे त्याच्या फाईलवर मी दोन वर्षं घालवली होती. त्या भागातले किमान ५१ टक्के रहिवासी कमी-मध्यम उत्पन्नाचे आहेत, हे दाखवणारे नकाशे मी काढले होते. मेपलच्या मुळाने उचललेल्या लादीचे फोटो मी वाकून वाकून काढले होते.

जूनमधली ती झूमवरची सभा अजून आठवते. एक सदस्य आवाज बंद ठेवूनच तावातावाने बोलत होते. कुणाचं तरी कुत्रं मात्र सगळ्यांना ऐकू येत होतं. त्या रस्त्यावरच्या एका आजोबांना तीन मिनिटं मिळाली. वॉकर घेऊन ते गाडीरस्त्यावरूनच चालतात, हे मला माहीत होतं. म्हणाले, "पुढच्या वर्षी करू म्हणता. पुढच्या वर्षी मी असेन का?" कुणी उत्तर दिलं नाही. ठराव पाच विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला. निर्णय बरोबरच होता, आजही मला तसंच वाटतं. पण पैसे वळवणं हे हात वर करण्याइतकं सोपं असतं आणि पोचवणं ही वेगळीच नोकरी असते, हे मला त्या रात्री तरी कळलेलं नव्हतं.

कारण नियम असा की भाड्याचे पैसे भाडेकरूच्या हातात द्यायचे नाहीत. चेक घरमालकाच्या नावाने निघतो. चेक काढायचा तर अकाउंट्सला मालकाचा डब्ल्यू-९ लागतो. एका पानाचा फॉर्म. नाव, पत्ता, करासाठीचा नंबर, सही. वर्षअखेरीला त्या भाड्याचा १०९९, म्हणजे मालकाला किती पैसे मिळाले ते सांगणारा फॉर्म निघतो आणि त्याची प्रत आयआरएसकडे, म्हणजे करखात्याकडे जाते. थोडक्यात, अडचण भाडेकरूची आणि सही मालकाची.

फाईल क्रमांक ४१. अर्जदार बाई एका रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात कामाला. आत बसून जेवायला अजून बंदीच होती, त्यामुळे मालक आठवड्यातून दोन दिवस बोलवत होता. केंद्राकडून आठवड्याला मिळणारा ६०० डॉलरचा जादा बेकारी भत्ता जुलैअखेर थांबलेला. राज्याच्या भाडेमदतीच्या लॉटरीत तिचा नंबर लागला नव्हता. भाडं ११५० डॉलर, एप्रिलपासून पाच महिने थकलेलं. गव्हर्नर मर्फींच्या १९ मार्चच्या आदेशामुळे तिला कुणी घराबाहेर काढू शकत नव्हतं, पण आदेशाने भाडं माफ होत नाही, ते आपलं साठत राहतं. आम्ही तीन महिन्यांचं, म्हणजे ३४५० डॉलर देऊ शकत होतो.

तिच्याकडे भाडेकरार नव्हता. पुरावा म्हणून सिटी हॉलच्या दारातल्या पेटीत तिने एक पाकीट टाकलं होतं. त्यात पोस्टाच्या मनीऑर्डरींच्या पावत्या होत्या, मार्च २०१९ ते मार्च २०२०, तेरा महिन्यांच्या सव्वीस. इथलं पोस्ट एका वेळी हजार डॉलरपर्यंतचीच मनीऑर्डर लिहून देतं, म्हणून दर महिन्याला दोन, एक हजाराची आणि एक दीडशेची. प्रत्येक जोडीला टाचणी.

टाचणी बघून मी दोन मिनिटं काहीच केलं नाही. आमच्या गिरगावच्या चाळीत मालकाने पावती देणं बंद केलं, तेव्हा बाबा दर महिन्याला भाडं मनीऑर्डरने पाठवायचे. मालक ती परत पाठवायचा. "घेण्यास नकार" असा शेरा मारून ती परत आली की बाबा खूश. भाडेकरू भाडं द्यायला तयार आहे, याचा तो कोर्टात चालणारा कागद. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, वर्षवार, टाचण्या लावून. पैसे परत आल्याचा आनंद मानणारा माणूस, असं आई हसून म्हणायची.

तर त्या सव्वीस पावत्यांवर मालकाचं आडनाव मराठी होतं. वाचताक्षणीच मला फोन दुसऱ्या कुणाला तरी द्यावासा वाटला होता. दिला नाही.

"काका, फक्त एका फॉर्मचं काम होतं."

"बघितला मी तुमचा फॉर्म. सोशल सिक्युरिटी नंबर मागताय त्यात."

"हो. चेक तुमच्या नावाने निघणार ना, म्हणून."

मागून भांड्याचा आवाज, आणि काकूंचा. "कुणाचा फोन हो?"

"सिटीचा."

"कशाला?"

"तू गॅस बघ." मग आवाज खाली आणून, "हे बघा बाई, ते खालचं जे आहे ना, ते तसं..."

या 'तसं'मध्ये काय काय मावतं, ते मराठी माणसाला सांगायला नको. मी घाईने म्हटलं, "काका, ते मला सांगू नका."

कारण तळघराच्या परवान्यांची तपासणी करणारे लोक माझ्याच इमारतीत, एक मजला खाली बसतात. आणि बेकायदा जागा म्हणून भाडेकरूला निघावं लागलं, तर न्यू जर्सीत मालकाने तिला सहा महिन्यांचं भाडं द्यायचं असतं. माझ्या एका वाक्याने तिचं घर जाणार होतं आणि त्यांचे ६९०० डॉलर. शहर एका हाताने ३४५० द्यायला निघालं होतं आणि दुसऱ्या हाताने हे. मी ते काकांना सांगितलं नाही. त्यांना ठाऊक होतं की नाही, तेही विचारलं नाही.

थोडा वेळ दोघंही गप्प. मग तेच म्हणाले, "एप्रिलपासून एकदा तरी मागितलं का मी तिच्याकडे? विचारा तिला. हिने तर तिच्या पोरीला रोज डबा चालू केलाय. पोरगी आता वरण-भात मागते."

"मग साडेतीन हजार सोडून देताय काका?"

"सोडतो. माझं वय बहात्तर आहे, बाळ. मला झोप लागली पाहिजे."

मला त्यांचा राग आला. कर चुकवायचा आणि वर वरण-भाताचं कौतुक. त्याच वेळी हेही दिसत होतं की याच शहरात कागद-पत्र चोख असलेल्या मालकांनी कोर्टात दावे लावून ठेवले होते, आदेश उठायची वाट बघत.

एकच गोष्ट हातात होती. एप्रिलच्या अखेरीस निघालेल्या गव्हर्नरच्या आदेशानुसार, भाडेकरूने लेखी मागितलं तर अनामत रक्कम भाड्यात वळती करता येत होती. त्यात ना शहर, ना चेक.

"अनामत घेतलीय का?"

"दीड महिन्याची. रोख."

"तिने चिठ्ठी लिहिली तर वळती कराल?"

"त्याला नंबर-बिंबर नको ना?"

"नको."

"मग पाठवायला सांगा."

दुपारी दुभाष्याला लाइनवर घेऊन मी तिला फोन केला. १७२५ डॉलर, म्हणजे एप्रिल आणि अर्धा मे. बाकीचं तसंच. ती शांतपणे ऐकत होती. मालकाबद्दल वाईट शब्द काढला नाही. दुभाष्याने तिचा एकच प्रश्न माझ्यापर्यंत आणला. पावत्या परत कधी मिळतील?

संध्याकाळी फाईल बंद केली. बंद करण्याच्या कारणांत तीनच पर्याय होते: उत्पन्न जास्त, कागदपत्रं अपुरी, मालकाचा नकार. मी तिसरा निवडला. डायरेक्टरने चॅटवर विचारलं, "नकार का? कारण दिलं का त्याने?" मी लिहिलं, "नाही." तसं पाहिलं तर खरंच होतं. वाक्य मी पुरं होऊ दिलं नव्हतं.

आठवड्यातून एकदा मी सिटी हॉलमध्ये जाऊन पेटी रिकामी करायचे, कागद स्कॅन करायचे. तिच्या पावत्या मी पुन्हा जोड्या लावून, टाचून, पोच मिळेल अशा टपालाने पाठवल्या. पाच-सहा दिवसांनी मेसेज आला, त्यात फक्त आकडा: २५.

स्कॅनरचं झाकण उघडलं. नोव्हेंबर २०१९ ची दीडशे डॉलरची पावती काचेच्या कडेला अडकून बसली होती.

ती टपालात टाकायचा धीर झाला नाही. घरी जाताना तिच्या पत्त्यावर गेले. बाजूच्या दाराने चार पायऱ्या खाली. खिडकी बघून माझ्या मनात आपोआप मापं सुरू झाली, आग लागली तर यातून माणूस निघेल का, म्हणून मी मान वळवून मागच्या पायरीवरच्या तुळशीकडे बघत राहिले. वरच्या खिडकीत एक बाई उभ्या होत्या. मास्कमुळे मी कोण, कुठली, त्यांना कळायचं कारण नव्हतं. मी नमस्कार न करता नुसता हात हलवला.

दार उघडलं. मी हात लांब करून पावती पुढे केली. ती आत गेली, पाकीट घेऊन परत आली, आणि माझ्या समोरच, दारात उभी राहून, नोव्हेंबरची हजाराची पावती शोधून तिला जोडून टाचणी लावली.