बॅटरी उकळत होती, दोष किल्लीखाली होता

मोटरसायकल जुनी, पण दणकट. लांब पल्ल्याची, पुढे मोठं फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारं आवरण, दोन्ही बाजूंना पेट्या. गाडीच्या मालकांच्या, काकांच्या, तक्रारी दोन होत्या. बॅटरी वारंवार उकळून खराब होते, आणि हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की कधीकधी गाडी गपकन बंद पडते. याआधी कुणीतरी बॅटरी बदलली होती, कुणीतरी चार्जिंगचं व्होल्टेज आवाक्यात ठेवणारा रेग्युलेटर. तरी त्रास जैसे थे.

गाडी चालू करून बॅटरीवर मीटर लावला. इंजिनाचा वेग वाढवला तसा आकडा चढत १६ व्होल्टच्या वर गेला. साधारण साडेचौदापर्यंत थांबायला हवा. इतक्या व्होल्टेजवर बॅटरी उकळणारच. रेग्युलेटर बाद म्हणावा, तर तो नवा होता.

मग वायरिंगचा नकाशा काढला. या गाडीत रेग्युलेटर व्होल्टेज मोजतो ते थेट बॅटरीवर नाही, तर इग्निशन स्विचच्या (किल्लीच्या स्विचच्या) पुढच्या तारेवर. बऱ्याच जुन्या गाड्यांत असंच असतं. म्हणजे स्विचमध्ये व्होल्टेज गळत असेल, तर रेग्युलेटरला वाटणार की बॅटरी उपाशी आहे, आणि तो चार्जिंग वाढवत राहणार.

मीटरची एक तार बॅटरीच्या प्लसवर, दुसरी स्विचच्या आउटपुटवर लावली. हेडलाइट, जादा दिवे, गरम होणाऱ्या मुठी, सगळं चालू ठेवून. फरक निघाला १.७ व्होल्ट! तिथे दोन-तीन दशांशाच्या वर काही दिसायला नको. नुसती किल्ली फिरवून कंटिन्युइटी, म्हणजे तार जोडलेली आहे की नाही एवढंच, तपासली असती तर मीटर छान ‘पीं’ वाजला असता, कारण त्या तपासणीत स्विचमधून करंट जवळजवळ जातच नाही. माझ्या मते निम्मे चांगले पार्ट याच ‘पीं’च्या भरवशावर बदलले जातात. १५ अँपिअर वाहत असताना १.७ व्होल्ट गळणं म्हणजे पंचवीसेक वॅट उष्णता, तीही प्लॅस्टिकच्या एवढ्याशा डबीत.

फेअरिंग उतरवायलाच जास्त वेळ गेला. स्विच बसवलेले बोल्ट चोरी होऊ नये म्हणून डोकं तुटणाऱ्या जातीचे, पाना धरायला जागाच नाही. बारीक छिन्नीने कडेला खाच पाडली आणि उलट दिशेने हलके ठोके देत फिरवले. एक निघाला, दुसऱ्याला ड्रिल करावं लागलं.

कुलूप मात्र तसंच ठेवलं, फक्त खालचा विजेचा भाग बदलला. काकांना तेच हवं होतं: टाकी, पेट्या, हँडल लॉक सगळ्याला एकच किल्ली. नवा भाग बसवताना किल्ली ‘बंद’वर ठेवावी लागते, नाहीतर कुलपाची जीभ खाचेत नीट बसत नाही.

जुना भाग उत्सुकतेपोटी उघडला. ग्रीस वाळून तपकिरी झालेलं, पितळी टिकल्यांवर काजळी, प्लॅस्टिकची बैठक एका बाजूने वितळलेली. तार जिथे स्विचमध्ये शिरते तिथे वरचं रबर शाबूत, पण आत बरेचसे धागे तुटलेले. हँडल वळलं की ती तार दरवेळी तिथेच मुडपत होती. डाव्या वळणाचा उलगडा तिथे झाला.

कनेक्टरची एक पिनही भाजली होती. ती तशीच ठेवली असती तर नवा स्विचही जळला असता, म्हणून तीही बदलली. तारेला हँडलपाशी मुद्दाम सैल वळसा ठेवला.

“काका, आता जादा दिवे आणि मुठी रिलेवर घेतो. रिले म्हणजे छोट्या करंटवर चालणारा वेगळा स्विच. मग किल्लीच्या स्विचवर भार कमी येईल,” मी म्हणालो.

“घे. पण बॅटरी परत नवीन घ्यायला लावू नकोस!”

फेअरिंग चढवण्याआधी इंजिन चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिलं. गाडी बंद पडली नाही. बॅटरीवर १४.४, स्विचमध्ये गळती ०.१. रेग्युलेटरला हातही लावला नव्हता.